पूलचा पंप सारखा बंद पडतोय, मोटर भरू की नवीन घेऊ?

धोमकाठ | ४ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच भिजत घोंगडं घेऊन आलेय.

वाईच्या पुढे धोमच्या बाजूला आमचा मळा आहे. तिथे दोन वर्षांपासून चार खोल्यांचं होमस्टे चालवतो. पाहुणे येतात मेणवलीचा घाट आणि पाचगणी बघायला, पण बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न "पूल आहे ना?" हाच असतो. पूल छोटाच आहे. तीस बाय पंधरा फूट, खोली सरासरी चार. दीड एचपीचा सिंगल फेज पंप आणि वाळूचा फिल्टर.

मागचा अख्खा उन्हाळा पंपाने हूं की चूं केलं नाही. यंदा एप्रिलच्या मध्यापासून सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांत बंद. जरा वेळाने चालू केला की चालतो, परत बंद. कधी रात्रभर बिनतक्रार चालतो, कधी दिवसात चारदा थांबतो. वायरमनदादांनी कंडेन्सर बदलला, फरक शून्य. आता म्हणतात वाइंडिंग (मोटरच्या आतली तांब्याची तार) गेलंय, मोटर भरून आणू, म्हणजे ती तार नवी गुंडाळून. पूलचं काम केलेला ठेकेदार म्हणतो नवाच पंप घ्या. आमचे अण्णा (सासरे) म्हणतात पूलच बुजवा आणि हळद लावा.

पाण्यावर हिरवट झाक यायला लागलीय. शनिवारी वीस माणसांचं कुटुंब येतंय. काय करू?

कंदी पेढा | ४ मे, रात्री ११:१०

पाणी हिरवं झालं तर 'नैसर्गिक तळं' म्हणून दर वाढवा. हलकेच घ्या. :)

जाणकार येईपर्यंत धागा वर ठेवतो. आमच्या साताऱ्यातल्या सोसायटीचा पंपही असाच दमायचा. त्याचं कारण शेवटी काय निघालं ते कमिटीने आजवर सांगितलेलं नाही, फक्त वर्गणी काढली.

वाइंडिंगवाला | ५ मे, सकाळी ६:३५

ताई, मोटर भरायला देऊ नका. कुपवाडला एकवीस वर्षं मोटरी भरतोय, पोट त्याच्यावरच आहे, तरी सांगतो. वाइंडिंग जळलेली मोटर रात्रभर चालत नसते. जळली म्हणजे जळली.

आधी एक सांगा. 'बंद पडतो' म्हणजे नक्की काय होतं? गिऱ्हाईक दुकानात येऊन एवढंच म्हणतं, पण त्यात तीन वेगवेगळे आजार असतात.

बोर्डावरचा एमसीबी खाली पडत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे किंवा करंट फारच जास्त जातोय. आरसीसीबी पडत असेल तर करंट जमिनीकडे गळतोय. मोटरमध्ये ओल असेल, केबल सोललेली असेल. आणि बोर्डावर सगळं जागच्या जागी, तरी मोटर गप्प, आणि थोड्या वेळाने कोणी हात न लावता स्वतःच सुरू, असं असेल तर मोटरच्या आतला थर्मल तिला थांबवतोय. वाइंडिंग तापलं की तो सर्किट तोडतो, गार झालं की जोडतो. पूलच्या बहुतेक सिंगल फेज पंपांत तो आतच बसवलेला येतो.

तुमचं कोणतं?

धोमकाठ | ५ मे, सकाळी ८:०२

दादा, खरं सांगू? माहीतच नाही. पंप थांबला की आमचा गडी पळत जातो आणि दिसतील ती सगळी बटणं खालीवर करतो. त्यातल्या कशाने सुरू होतो कोण जाणे. आज त्याला हात लावू नको म्हणून बजावते आणि स्वतः खुर्ची टाकून बसते.

भोंगा | ५ मे, सकाळी ९:२०

थर्मलच असणार. सरळ बायपास करून टाका, दोन वायरी जोडायच्या फक्त. आमच्या शेततळ्यावरच्या मोटरीला केलाय, दोन वर्षं झाली, काही होत नाही. आरसीसीबी पण नुसती कटकट असते, पावसाळ्यात तर रोज पडते. काढून टाका.

खडूस काका | ५ मे, सकाळी ९:४१

भोंगा, हा सल्ला कृपया मागे घ्या.

धोमकाठ ताई, असलं काही करू नका. थर्मल काढला तर मोटर जळेल, म्हणजे पैशांचं नुकसान. आरसीसीबी काढली तर त्या पाण्यात पोरं असतात. ओल्या अंगाला विजेचा विरोध फार कमी होतो. म्हणूनच तिथे ३० मिलिअँपिअरला तुटणारी आरसीसीबी लावतात. आणि ती पावसाळ्यात रोज पडत असेल तर रोज खरं बोलतेय. गळती शोधायची असते, साक्षीदार हाकलायचा नसतो.

भोंगा | ५ मे, सकाळी ९:५८

अहो काका, मी शेततळ्याचं बोलत होतो.

खडूस काका | ५ मे, सकाळी १०:०३

शेततळ्यावरही माणसंच जातात.

बागायतदार | ५ मे, सकाळी १०:३०

तासगावहून. पूलचं मला काही कळत नाही, पण वाळूच्या फिल्टरचं कळतं. आमच्या द्राक्षाच्या ठिबकला तोच असतो. फिल्टर चोंदला की प्रेशर चढतं आणि मोटरवर लोड येतो. बॅकवॉश कधी केला होता? धुतल्यावर काटा कुठे होता आणि आता कुठे आहे ते बघा. अर्धा-पाऊण बार चढला असेल तर धुवायची वेळ झाली.

वाइंडिंगवाला | ५ मे, सकाळी ११:१५

बागायतदार साहेब, बॅकवॉशचं बरोबर, लोडचं उलटं आहे. हा पंखा असलेला पंप आहे, पिस्टनचा नव्हे. पुढे वाट अडली की पाणी कमी उचललं जातं आणि अँपिअर उतरतात. तुमच्या विहिरीवरच्या स्टार्टरचा अँपिअर मीटर बघा, डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह आवळला की काटा खाली येतो का नाही?

बागायतदार | ५ मे, सकाळी ११:२२

येतो. खरंच येतो की! वर्षानुवर्षं बघतोय, आणि डोक्यात मात्र उलटं होतं.

निळंशार | ५ मे, दुपारी १२:०५

मी पाचगणी-भिलार पट्ट्यातल्या सहा-सात पूलची देखभाल करतो. फिल्टर चोंदल्याने मोटर सहसा तापत नाही हे खरं. पण आत येणारी बाजू चोंदली किंवा हवा शिरली तर पंपाचं पाणी तुटतं, सील कोरडं फिरतं आणि पंपाचं डोकं तापतं. ताई, पंपाच्या काचेच्या झाकणातून बघा. आत बुडबुडे खेळताहेत का? बास्केटमध्ये आंब्याची पानं? पूलची पातळी स्किमरच्या (भिंतीतला, वरवरचं पाणी ओढणारा कप्पा) तोंडाच्या मध्यापर्यंत तरी आहे ना? मे महिन्यात पाणी उडतं, पातळी उतरते आणि स्किमर हवा ओढायला लागतो.

दहिवडीकर | ५ मे, दुपारी १:४०

आमच्या माणमध्ये टँकरची वाट बघत बायका घागरी लावून बसतात आणि इथे पूलच्या पंपावर चर्चासत्र. चालू द्या.

धोमकाठ | ५ मे, दुपारी ३:१५

दहिवडीकर, तुमचा राग समजतो. माझं माहेर खटावचं आहे. एवढंच सांगते की पूल एकदा भरला की साधारण ५१ हजार लिटर, आणि तेच पाणी वर्षभर राहावं म्हणूनच हा पंप आणि फिल्टर लागतो. पंप मेला तर पाणी सोडून परत भरायची वेळ येते. ती येऊ नये म्हणूनच धडपड चाललीय. बॅकवॉशचं पाणी नारळांना जातं.

आता अहवाल. सकाळी ९:५० ला सुरू केला, १०:१४ ला थांबला. एमसीबी वर, आरसीसीबी वर, इंडिकेटर लागलेला. मोटरवर पाण्याचे थेंब टाकले तर तव्यावर टाकल्यासारखे उडाले. गडी तीनदा उठला, तीनदा बसवला. १०:५५ ला पंप आपोआप सुरू! गडी म्हणाला, "वैनी, ह्यात भूत हाय."

बुडबुडे आहेत. बास्केट स्वच्छ. पातळी दोन बोटं कमी होती, भरली.

वाइंडिंगवाला | ५ मे, दुपारी ४:००

भूत नाही, थर्मल. आता आजाराचं नाव कळलं, कारण राहिलं. मोटर का तापते? एकतर तिला वारा मिळत नाही, किंवा ती जास्त करंट ओढतेय, किंवा बेअरिंग धरलंय. बंद असताना मागचा पंखा हाताने फिरवून बघा (मेन स्विच पाडून!). सहज फिरला तर बेअरिंगवरचा संशय बाद. मोटर कुठे बसवलीय? मागच्या वर्षीपेक्षा काय बदललं?

धोमकाठ | ५ मे, रात्री ९:३०

पंखा लोण्यासारखा फिरतो.

बदललं म्हणाल तर... मार्चमध्ये पंप हलवला. आधी पूलला चिकटूनच होता, पाहुण्यांना आवाजाचा त्रास व्हायचा. म्हणून आंब्याच्या पलीकडे नेला आणि वरून चारी बाजूंनी पत्र्याची पेटी केली. दार पण पत्र्याचं.

हे लिहितानाच लक्षात आलं. तुम्ही हसणार आता.

कंदी पेढा | ५ मे, रात्री ९:३४

हसत नाही. मे महिन्यात पत्र्याच्या पेटीत मला कोंडलं तर मी पंचवीस मिनिटंही टिकणार नाही.

निळंशार | ५ मे, रात्री ९:५०

दार काढा आणि मागच्या बाजूचा पत्राही, म्हणजे मोटरच्या पंख्याला गार हवा ओढता येईल. वर छप्पर राहू द्या. बुडबुड्यांसाठी झाकणाची ओ-रिंग काढून पुसा, खाच साफ करा, सिलिकॉन ग्रीस लावा. घरातलं व्हॅसलीन नको, रबर फुगतं. पंप हलवला म्हणजे सक्शनचे जॉइंटही नवे आहेत. पंप चालू असताना त्यांच्यावर शेव्हिंगचा फेस लावून बघा, जिथे फेस आत ओढला जाईल तिथे गळती.

धोमकाठ | ६ मे, संध्याकाळी ६:१०

ओ-रिंगमध्ये वाळूचा एक खडा होता. काढला, बुडबुडे बंद. दार आणि मागचा पत्रा काढला. पंचवीस मिनिटांचा पंप आज बावन्न मिनिटं चालला.

पण थांबलाच.

अण्णांनी हळदीचं बेणं कुठे मिळतंय त्याची चौकशी सुरू केलीय.

खडूस काका | ६ मे, संध्याकाळी ६:४५

दुप्पट चालला म्हणजे पेटी हे एक कारण होतं, एकमेव नव्हे. आता मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. मोटरच्या पाटीवर किती अँपिअर लिहिलेत? वायरमनकडून क्लॅम्प मीटर लावून प्रत्यक्ष किती ओढते ते बघा. त्याच वेळी व्होल्टेज. नुसतं बोर्डावर नको, मोटरच्या टर्मिनलवरही. आणि पंप चालू असताना. बंद पंपावरचं व्होल्टेज काहीच सांगत नाही, करंट वाहिल्याशिवाय वायरीत व्होल्टेज पडत नाही.

बागायतदार | ६ मे, रात्री ८:२०

मला एक वेगळंच विचारायचंय. ताई, तुमचं मीटर मळ्यातलं आहे की गावठाणातलं? आणि तुमच्याकडे थ्री फेज (शेतीपंपांची लाइट) कधी असते?

धोमकाठ | ६ मे, रात्री ८:४०

मळ्यातलं. आमच्या वस्तीची सिंगल फेज शेतीच्या लाइनवरच आहे. थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, पाळी बदलत राहते. पण आमचा पंप सिंगल फेज आहे, त्याला थ्री फेजशी काय?

बागायतदार | ६ मे, रात्री ९:०५

त्याचं असं आहे. थ्री फेज आली की डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्यांच्या विहिरी आणि नदीवरच्या मोटरी एकदम उठतात. हल्ली सगळ्यांच्या स्टार्टरला ऑटो आहे, लाइट आली की मोटर स्वतःच चालू. त्या डीपीवरचं व्होल्टेज किती पडतं ते मला विचारा. घरातला पंखा बैलगाडीच्या चाकासारखा फिरतो.

तुमचा पंप ज्या ज्या वेळी थांबला त्या वेळा आणि थ्री फेजच्या वेळा शेजारी शेजारी ठेवून बघा.

धोमकाठ | ७ मे, पहाटे १२:२०

झोपायचं सोडून हे करत बसले.

वेळा मी कुठेच लिहिल्या नव्हत्या. पण मग आठवलं, दर वेळी मी नवऱ्याला (तो पुण्यात नोकरीला) व्हॉट्सॅपवर 'परत बंद पडला' एवढंच पाठवते. एप्रिलपासूनचे असे चौदा मेसेज सापडले, वेळेसकट. संसाराचा हा उपयोग मला माहीत नव्हता.

थ्री फेजच्या वेळा अण्णांच्या कॅलेंडरवर. ते रोजच्या चौकोनात 'दि' किंवा 'रा' लिहितात, उसाला पाणी कधी सोडायचं त्यासाठी. अण्णांना उठवलं नाही, कॅलेंडरच काढून आणलं.

चौदापैकी बारा मेसेज 'दि'च्या दिवसांतले, आणि तेही थ्री फेजच्याच तासांत. उरलेले दोन 'रा'च्या दिवशी भर दुपारचे, पेटी तापलेली असणार तेव्हा.

आणि 'रात्रभर बिनतक्रार चालतो' असं मी लिहिलं होतं ना? 'रा'च्या रात्री तो थांबत असेलही, आम्ही झोपेत. सकाळी उठून बघितलं की चालू.

वाइंडिंगवाला | ७ मे, सकाळी ६:१०

बागायतदार साहेब, दुकानात या, चहा माझ्याकडून.

ताई, व्होल्टेज पडलं की मोटर कमी काम करत नाही, तेवढंच पाणी ओढायला जास्त करंट घेते. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता. उन्हाळ्यात माझ्याकडे भरायला येणाऱ्या निम्म्या मोटरी ह्याच दुखण्याच्या.

आता काकांनी सांगितलेलं मोजमाप थ्री फेज असताना करा.

धोमकाठ | ७ मे, दुपारी २:५०

झालं. वायरमनदादा आले, जरा फुरंगटून ("आता मोबाईलवरनं मोटरी दुरुस्त व्हायच्या काय") पण आले.

पाटीवर: २३० व्होल्ट, ८.२ अँपिअर.
प्रत्यक्ष: १०.१ अँपिअर.
मीटरच्या बोर्डावर, पंप चालू असताना: २०८.
मोटरवर, त्याच क्षणी: १७७.

एक आकडा मी वाचत होते, दुसरा वायरमनदादा, मधे फोन. दोनदा केलं, तेच आलं.

भोंगा | ७ मे, दुपारी ३:०५

१७७ मध्ये चालतोय हेच खूप. सर्वो स्टॅबिलायझर बसवा, विषय संपला.

खडूस काका | ७ मे, दुपारी ३:४०

विषय आत्ता सुरू झाला. २०८ ही डीपीची कृपा, ती तुमच्या हातात नाही. पण बोर्डापासून मोटरपर्यंत ३१ व्होल्ट कुठे गेले? ते तुमच्याच आवारात हरवलेत. केबल कोणती, किती लांब?

धोमकाठ | ७ मे, दुपारी ३:५५

अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) तांब्याची. पंप हलवल्यावर साधारण नव्वद मीटर.

खडूस काका | ७ मे, दुपारी ४:२०

अडीच स्क्वेअर तांब्याचा विरोध किलोमीटरला ७.४१ ओहम. जाणं-येणं मिळून १८० मीटर, म्हणजे १.३३ ओहम. १०.१ अँपिअरला पडायला हवेत साडेतेरा व्होल्ट. तुमचे पडताहेत ३१. वरच्या साडेसतराचा हिशेब लागत नाही.

तो एखाद्या जागी, एखाद्या जॉइंटमध्ये पडत असेल तर तिथे साडेसतरा गुणिले दहा, म्हणजे पावणेदोनशे वॅटची उष्णता तयार होतेय. साध्या सोल्डरिंग आयर्नला पंचवीस वॅट पुरतात. ताई, मेन स्विच पाडा आणि केबलच्या वाटेने चालत जा. जळकट वास, वितळलेलं प्लास्टिक, काळपट डाग.

स्टॅबिलायझर आत्ता नको. तो मोटरपाशी बसवला तर व्होल्टेज वर उचलण्यासाठी मागून आणखी करंट खेचेल, आणि तो सगळा त्याच जॉइंटमधून जाईल.

नुसती वाचक | ७ मे, दुपारी ४:३०

पूल नाही, पंप नाही, मळा नाही. तरी ऑफिसमध्ये दर दहा मिनिटांनी हे पान रिफ्रेश करतेय.

धोमकाठ | ७ मे, संध्याकाळी ७:१५

काका, आंब्याखाली.

महिनाभर तिथे जळका वास येत होता. अण्णा रोज गड्याला ओरडायचे की पालापाचोळा पेटवू नको, आणि तो बिचारा शपथा घ्यायचा की पेटवला नाही. पाचोळा उकरला तर खाली विटेच्या आडोशाला एक प्लास्टिकचा डबा, अर्धा वितळलेला. आत दोन वायरी पिळून वर टेप, टेपचा कोळसा.

केबल नव्वद मीटर तांब्याची नाहीच. पंप हलवताना ती वीस मीटर कमी पडली, म्हणून घरात पडलेली ॲल्युमिनियमची केबल पुढे जोडली. कोणी जोडली हे विचारल्यावर सगळे आंब्याकडे बघायला लागले.

खडूस काका | ७ मे, संध्याकाळी ७:४०

तांबं आणि ॲल्युमिनियम नुसतं पिळून! ॲल्युमिनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. त्यात ओल आली की दोन धातूंमध्ये झीज सुरू होते. शिवाय ते तापून फुगतं, निवून आकसतं, की जॉइंट ढिला. ढिला झाला की जास्त तापतो. दोन धातू जोडायचेच तर बायमेटॅलिक लग लावून, दाबून.

(हिशेबात दुरुस्ती: वीस मीटर ॲल्युमिनियममुळे केबलचे १३.५ ऐवजी १५.३ व्होल्ट धरा. जॉइंटच्या वाट्याला ३१ पैकी साधारण १६, म्हणजे १६० वॅट.)

कंदी पेढा | ७ मे, संध्याकाळी ७:४४

कंसातल्या दुरुस्तीसाठी काकांना साष्टांग नमस्कार.

निळंशार | ७ मे, रात्री ८:००

परवा पाहुणे आहेत म्हणून पाण्याचं बघून घ्या. आज सूर्य मावळल्यावर क्लोरीन टाका, उन्हात ते उडून जातं. सकाळी टेस्ट किटवर क्लोरीन १ ते ३ आणि पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आल्याशिवाय कोणालाही उतरू देऊ नका. आणि टीसीसीएच्या (क्लोरीनच्याच एका प्रकारच्या) गोळ्या वापरत असाल तर ब्लीचिंग पावडर त्याच डब्यात, त्याच मापाने कधीही घेऊ नका. दोन्ही एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो. साताऱ्याच्या बाजारात सुटी पावडर मिळते, तिच्यावर नाव नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो.

धोमकाठ | ८ मे, रात्री ९:४५

आज वाईतून सहा स्क्वेअरची तांब्याची केबल आणली, बोर्डापासून पंपापर्यंत एकसंध, मधे जॉइंट नाही, पाइपातून. वायरमनदादांनीच केलं आणि मजुरी घेतली नाही. म्हणून मीही आंब्याचा विषय काढला नाही.

थ्री फेज चालू असताना: बोर्डावर २०७, मोटरवर २०२. करंट ९.
थ्री फेज नसताना: २२६ आणि २२१. करंट ८.४.

वाइंडिंगवाला | ८ मे, रात्री १०:१०

झकास. २०२ ला अजून पाटीपेक्षा जास्तच घेतेय, पण आता वारा मिळतोय, लगेच मरणार नाही. तरी थ्री फेजच्या वेळी चालवायची सवय लावू नका. टायमर लावा आणि एक व्होल्टेज प्रोटेक्टर. १९५ च्या खाली गेलं की तोडायचं, परत आल्यावर पाच मिनिटं थांबून जोडायचं. पाच मिनिटं यासाठी की लाइट आल्या आल्या सगळ्या गावाच्या मोटरी उठतात, त्या गर्दीत आपली घालायची नाही.

बागायतदार | ८ मे, रात्री १०:३०

आणि अण्णांचं कॅलेंडर पंपाच्या खोलीत टांगा.

दहिवडीकर | ८ मे, रात्री ११:०५

परवा जरा तिरकं बोललो, वाईट वाटून घेऊ नका ताई. माझंही एक काम आहे. आमच्या घरच्या गिरणीची तीन एचपीची मोटर दळणाच्या मधेच घूं घूं करून थांबते, तीही सकाळीच. मीटरपासून गिरणी पन्नास मीटर, केबल दीड स्क्वेअरची. हाच प्रकार का?

खडूस काका | ८ मे, रात्री ११:१२

सिंगल फेज की थ्री फेज?

दहिवडीकर | ८ मे, रात्री ११:१५

सिंगल.

खडूस काका | ८ मे, रात्री ११:३०

तीन एचपी सिंगल फेज म्हणजे पंधरा-सोळा अँपिअर. दीड स्क्वेअर तांब्याचे १२.१ ओहम किलोमीटरला, जाऊन-येऊन शंभर मीटर, १.२१ ओहम. चालू असताना एकोणीस व्होल्ट गेले. आणि सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट मागते, तेव्हा नव्वदच्या वर जातात. तिच्या हातात ताकद राहतेच कुठे? फिरण्याचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने कमी होतो. केबल बदला, किमान सहा. मधे जॉइंट आहे का तेही बघा.

दहिवडीकर | ८ मे, रात्री ११:३६

बघायला उद्या जातो. आमच्याकडे आंबा नाही, बाभळ आहे.

धोमकाठ | २४ मे, दुपारी ४:२०

धागा वर काढतेय. सोळा दिवस झाले, पंप स्वतःहून एकदाही थांबला नाही. व्होल्टेज प्रोटेक्टरने तीनदा थांबवला, तिन्ही वेळा 'दि'च्या दिवशी. टायमर अण्णाच लावतात. पाळी बदलली की कॅलेंडरवर लिहून थेट पंपाकडे जातात, आणि येताना मीटरचं व्होल्टेज बघून तेही चौकोनात लिहितात. पूल बुजवायचं नाव नाही.

वीस माणसांचं कुटुंब येऊन गेलं. त्यांच्यातल्या एका आजोबांनी कॅलेंडरवरचे आकडे बघून विचारलं, "हे कोणाचं बीपी?"